लॉर्ड बार्कलींची चहादाणी

भांड्यावर नाव घालण्याची हौस आपल्या लोकांना जितकी आहे तितकी क्वचितच कुणाला असेल. लग्नातले स्टीलचे पातेले असो, मुंजीतला तांब्या असो की बारशाची चांदीची वाटी असो, दुकानातून भांडे घरी येण्याआधी त्यावर 'चि. सौ. कां. अमुक हिस आत्याकडून सप्रेम भेट' असे उमटायचे आणि खाली तारीख पडायची. पूर्वी हे काम बारीक छिन्नीने ठोकून, टिंबाटिंबांच्या अक्षरांत होई. नंतर विजेचे यंत्र आले. परदेशी येताना सामानाच्या मोजक्या किलोंत आपण जे डबे आणि वाट्या कोंबल्या, त्यांतल्या निम्म्यांवर तरी असे काहीतरी लिहिलेले असतेच. इथे वाढलेल्या मुलांना त्याची गंमत वाटते. भांड्यावर कुणी पत्र लिहिते का, असे ती विचारतात.

लिहितात. इंग्रजही लिहीत असत. त्यांनी लिहिलेले एक भांडे लंडनमध्ये साउथ केन्सिंग्टनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्ये आहे. इंग्लंडमध्ये घडलेली, आजवर ठाऊक असलेली सर्वांत जुनी चांदीची चहादाणी म्हणून ते ओळखले जाते. पण ती चहादाणी आहे हे आपल्याला कळते ते तिच्या आकारावरून नव्हे, तर केवळ तिच्यावर घातलेल्या नावावरून. हा मजकूर नसता तर साऱ्या जगाने तिला कॉफीचे भांडे म्हटले असते आणि त्यात कुणाची चूक झाली असे म्हणता आले नसते.

आधी शब्दाबद्दल थोडे. टीपॉटला आपण सर्रास 'किटली' म्हणतो, पण किटली हा 'केटल'चा अपभ्रंश; ती चुलीवर चढते, तिच्यात पाणी उकळते. टीपॉट कधी विस्तवावर जात नाही. उकळते पाणी बाहेरून आणून त्यात ओतायचे, पत्ती मुरू द्यायची आणि कपात गाळायचे, एवढेच त्याचे काम. आपण पातेल्यात चहा उकळणारी माणसे असल्यामुळे आपल्या स्वयंपाकघरात या भांड्याला जागाच नव्हती, आणि म्हणून नेमका शब्दही नव्हता. जुन्या पुस्तकी मराठीतला 'चहादाणी' हा शब्द अत्तरदाणी, गुलाबदाणीच्या पंक्तीत शोभून दिसतो. या लेखापुरता तोच वापरतो.

आता भांडे पाहू. साधारण फूटभर उंचीचे, खाली रुंद आणि वर निमुळते होत गेलेले नळकांडे. त्यावर शंकूच्या आकाराचे झाकण. पोटातून निघालेली सरळ तोटी आणि चामड्यात मढवलेली मूठ. फुले, वेलबुट्टी, सिंहाचे पंजे असला नंतरच्या काळातला कोणताही थाट नाही. बाकी अंग गुळगुळीत आणि त्यावर कोरीव काम: दात्याचे आणि ईस्ट इंडिया कंपनीचे कुलचिन्ह, आणि एक लेख. त्या लेखाचा मराठीत आशय असा की, ही चांदीची चहादाणी ईस्ट इंडिया कंपनीच्या कमिटीस बार्कली कॅसलचे ऑनरेबल जॉर्ज लॉर्ड बार्कली यांनी भेट दिली, ते त्या सन्माननीय आणि थोर मंडळाचे एक सभासद असून तिचे खरे, मनःपूर्वक चाहते आहेत, १६७०. 'पॉट' या शब्दात टी दोनदा आला आहे. स्पेलिंगचे नियम तेव्हा ज्याच्या त्याच्या मर्जीचे होते.

आपल्या 'सप्रेम भेट'हून हे काय वेगळे आहे? देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, नाते आणि साल. शिवाय वस्तूचे नाव! आपण वाटीवर 'ही वाटी' असे लिहीत नाही, कारण वाटी सगळ्यांना दिसतेच. बार्कलींना मात्र 'ही चहादाणी' असे लिहावेसे वाटले. कारण १६७० साली लंडनमधल्या बहुतेकांनी चहादाणी पाहिलेलीच नव्हती.

तेव्हा इंग्लंडात चहा किती नवा होता याची कल्पना आज येणे कठीण आहे. लंडनमधले पहिले कॉफीहाउस १६५२ सालचे. चहा त्यानंतर आला आणि आला तोही कॉफीहाउसांतूनच. सॅम्युएल पीप्स या रोजनिशीकाराने २५ सप्टेंबर १६६० रोजी आयुष्यातला पहिला चहाचा पेला घेतला आणि त्याची खास नोंद केली. १६६२ साली पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन ऑफ ब्रगांझा दुसऱ्या चार्ल्सची राणी होऊन आली. तिला चहाची सवय होती आणि दरबारात चहा रुजला तो तिच्यामुळे, असे मानतात. (याच बाईंच्या आंदणात मुंबई इंग्रजांकडे आली, हे मराठी वाचकाला सांगायला नको.) १६६४ साली ईस्ट इंडिया कंपनीने राजाला चहा नजर केला, तो अवघा २ पौंड २ औंस. आज आपण महिन्याच्या वाणसामानात आणतो त्याहून फारसा जास्त नाही! १६६९ साली जावा बेटावरच्या बँटमच्या वखारीतून कंपनीने चहा मागवला तो दीडशे पौंडही भरला नाही. हा सारा चहा चीनचा. आसामात चहाचे झुडूप इंग्रजांना सापडायला १८२३ उजाडायचे होते आणि आसामच्या चहाचा लंडनमधला पहिला लिलाव १८३९ मधला. म्हणजे आपली चहादाणी घडली तेव्हा चहा आणि हिंदुस्थान यांची सांगड इंग्रजांच्या डोक्यातही नव्हती.

पण इथेच एक मजा आहे. कंपनीची सुरतेतली माणसे लंडनच्या आधी चहाला सरावलेली होती. १६३८ साली सुरतेला आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशाने तिथल्या इंग्रजांच्या बैठकीत चहा पिण्याचा प्रघात असल्याचे लिहून ठेवले आहे. पुढे १६८९ साली इंग्लंडहून निघालेला जॉन ओव्हिंग्टन हा धर्मोपदेशक सुरतेत राहून गेला; १६९६ साली छापलेल्या त्याच्या पुस्तकात तिथले बनिये चहा कसा घेत याचे वर्णन येते. चहात मसाला घालत, डोके दुखले किंवा पोट बिघडले की तसा घेत, खडीसाखर आणि मुरलेले लिंबूही चाले. मसाल्याच्या चहाला 'चाय टी' म्हणून तीन-चार पौंड मोजणाऱ्या आमच्या हाय स्ट्रीटवरच्या दुकानदारांना हे कुणीतरी ऐकवायला हवे. 'चाय टी' म्हणजे 'चहा चहा' हेही त्यांना कुणी सांगत नाही. 'चा' हे कँटनकडचे चिनी नाव पोर्तुगीजांनी उचलले, 'ते' हे फुकियन किनाऱ्याचे नाव डच व्यापाऱ्यांनी. पहिल्यातून आपला चहा निघाला, दुसऱ्यातून इंग्रजांचा टी.

तर मूळ प्रश्नाकडे येऊ. चहादाणीला कॉफीच्या भांड्याचा आकार का? उत्तर सरळ आहे. चांदीच्या कारागिराने आधी कधी चहादाणी केली नसेल तर तो जवळात जवळचे भांडे पुढे ठेवील. गरम पेयाचे भांडे म्हटले की कॉफीहाउसातले उंच, निमुळते भांडे त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. ते कॉफीला फार सोयीचे: गाळ तळाशी बसतो आणि तोटी उंचावर असल्यामुळे तो पेल्यात येत नाही. चहाला हे उपयोगाचे नाही. पत्ती फुगते, पसरते, तिला आडवी जागा लागते. शिवाय उंच भांड्यात वरचे पाणी फिके राहते आणि तळाचे कडू होते. म्हणूनच पुढच्या पिढीतल्या चहादाण्या बसक्या, गोल, पेराच्या आकाराच्या झाल्या आणि तोटीच्या मुळाशी आतून गाळणीसारखी भोके आली. त्यामागे चीनमधून चहाबरोबर आलेल्या मातीच्या आणि चिनीमातीच्या सुरयांचा नमुना होता.

मग १६७० मध्ये कडू-फिक्याची तक्रार कुणी कशी केली नाही? माझा तर्क असा, की चहा भांड्यात मुरवायचा असतो हेच त्या मंडळींत सर्वमान्य नव्हते. १६६० च्या कायद्याने तयार चहावर गॅलनमागे ८ पेन्स अबकारी होती. कर पानांवर नव्हता, पाण्यावर होता. म्हणून कॉफीहाउसवाले एकदम चहा करून पिंपात भरून ठेवत. अबकारी अधिकारी येऊन तो मोजून जाई, आणि मग लागेल तसा गरम करून विकत. ही पद्धत १६८९ पर्यंत चालली, तेव्हा कर पानांवर आला. आधीच तयार झालेला चहा वाढायचा असेल तर भांडे उंच असले काय आणि बसके असले काय! आपल्याकडे लग्नाच्या मांडवात पिंपातून निघणारा चहा ज्यांनी प्यायला आहे त्यांना त्या चवीचा अंदाज येईल.

आकारावरून वस्तू ओळखता येत नाही याचा दुसरा पुरावा त्याच म्युझियमात आहे. म्युझियमच्या वहीत चहादाणीचा क्रमांक एम.३९९-१९२१ असा आहे; 'एम' म्हणजे धातुकामाचा विभाग आणि शेवटी वस्तू संग्रहात आली ते साल. याला लागूनच ३९८ क्रमांकावर नोंदलेले आहे १६८१ सालचे एक चांदीचे भांडे. तेच निमुळते नळकांडे, तसेच शंकूचे झाकण. हे जॉर्ज गार्थॉर्न या कारागिराचे काम आणि रिचर्ड स्टर्न नावाच्या गृहस्थांनी ते कंपनीला भेट दिल्याचे त्यावर कोरलेले आहे. हे मात्र कॉफीचे भांडे. दोन्ही शेजारी ठेवून लेख झाकले, तर कोणते कशाचे हे सांगण्याची पैज मी तरी लावणार नाही.

नाव घातल्याने भांडे ओळखू आले हे खरे; पण मुळात ते उरले कसे? चांदीच्या इतिहासातला खरा अवघड प्रश्न हा आहे आणि त्याचे उत्तर आपल्या घराघरांत माहीत आहे. चांदी म्हणजे पैसा. बँक ऑफ इंग्लंड निघाली १६९४ मध्ये. त्याआधी श्रीमंत माणसाची शिल्लक फडताळात ताटे आणि पेल्यांच्या रूपाने उभी असे. नाणे आणि भांडे एकाच कसाचे, स्टर्लिंग, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. टांकसाळीत १२ औंसांच्या एका ट्रॉय पौंडाचे ६२ शिलिंग पाडत. भांडे विकत घेताना चांदीची किंमत वजनावर आणि कारागिरीची वेगळी. त्या वेगळ्या रकमेला इंग्रज सराफ 'फॅशन' म्हणत, आपण घडणावळ म्हणतो. मोडताना घडणावळ बुडते, वजन तेवढे हाती येते, हेही तसेच. कित्येक जुन्या भांड्यांच्या तळाशी त्यांचे वजन खरडलेले आढळते ते याचसाठी.

त्यामुळे अडचण आली की भांडी आटायची आणि फॅशन बदलली तरी आटायची. १६४२ पासूनच्या यादवी युद्धात राजाने आणि पार्लमेंटने, दोघांनीही सैन्याच्या पगारासाठी चांदी गोळा केली. ऑक्सफर्डच्या कॉलेजांनी पिढ्यान्‌पिढ्या जमवलेली ताटे राजाच्या टांकसाळीत गेली. १६६० मध्ये राजा परतल्यावर सगळ्यांना नवे सामान हवे झाले, तेव्हा जुने उरलेसुरले मुशीत पडले. मग उलटी लाट आली. भांड्यांच्या हौसेपोटी लोक नाणीच आटवू लागले, तेव्हा १६९७ साली सरकारने भांड्यांचा कस नाण्यांहून वर नेला, म्हणजे नाणे नुसते वितळवून भांडे करता येईना. 'ब्रिटानिया' नावाचा हा कस १७२० पर्यंत सक्तीचा होता. इतक्या वेळा मुशीच्या तोंडातून जे वाचले तेवढेच आज काचेमागे आहे. बार्कलींची चहादाणी तर चहाला गैरसोयीची आणि दहा-वीस वर्षांत जुनाट दिसू लागलेली. ती आटवायला सर्वांत आधी जायची. पण तिच्यावर कंपनीचे कुलचिन्ह होते आणि एका लॉर्डाची सही होती. दात्याचे नाव असलेले भांडे मोडायला हात कचरतो. आजीचे नाव असलेली वाटी सराफाच्या तागडीत टाकताना आपलाही कचरतोच ना?

साल नक्की कशावरून, असे कुणी विचारील. लेखात १६७० आहेच, पण इंग्लंडमध्ये चांदीच्या भांड्याचे साल कोरलेल्या मजकुरावर सोडत नाहीत. लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये भांडे कसाला लागले की त्यावर ठसे उठवतात; हॉलचा ठसा म्हणून 'हॉलमार्क'. बिबट्याचे तोंड १३०० च्या कायद्यापासून, कारागिराचे चिन्ह १३६३ पासून, सालाचे अक्षर १४७८ पासून आणि चालता सिंह १५४४ पासून. १६७० मधल्या लंडनच्या भांड्यावर हे चारही असत. सालाचे अक्षर दर मे महिन्यात बदलायचे. ए ते यू अशी, जे वगळून, वीस अक्षरे झाली की वळण बदलून पुन्हा ए. त्या क्रमात १६७० ला जुन्या गॉथिक वळणाचा मोठा एन येतो. चहादाणीवर कारागिराची खूण टी आणि एल या अक्षरांची आहे. १६८१ साली हॉलच्या कस तपासणाऱ्या कचेरीला आग लागून जुन्या चिन्हांच्या नोंदी जळाल्या, म्हणून त्या काळच्या बहुतेक कारागिरांची नुसती आद्याक्षरेच मागे उरली. दात्याचे नाव, पदवी, किल्ला सगळे भांड्यावर ठळक. घडवणाऱ्याची दोन अक्षरे.

हे दाते कोण होते? जॉर्ज, नववे बॅरन बार्कली (स्पेलिंग बर्कलेचे, उच्चार बार्कली), जन्म १६२८. १६६० साली दुसऱ्या चार्ल्सला हॉलंडमधून परत आणायला जे लॉर्ड पाठवले त्यांतले एक. रॉयल सोसायटीचे सुरुवातीचे सभासद. १६७९ मध्ये अर्ल झाले. १६८० पासून लेव्हंट कंपनीचे, म्हणजे तुर्कस्तानच्या व्यापाराचे गव्हर्नर. घराणे ग्लॉस्टरशरमधल्या बार्कली कॅसलचे, जिथे १३२७ साली दुसरा एडवर्ड मारला गेल्याचे सांगतात. असा खानदानी माणूस व्यापाऱ्यांच्या कमिटीवर बसे आणि स्वतःला तिचा 'चाहता' म्हणवून घेई, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. कमिटी म्हणजे आजच्या भाषेत संचालक मंडळ, चोवीस जणांचे. त्यांच्या बैठकीत कंपनीच्याच मालाचा हा नवा प्रकार चाखायचा, यासाठी चहादाणीइतकी समयोचित भेट दुसरी कोणती?

१६७० म्हटले की आपल्या मनात मात्र दुसरेच काही उभे राहते. फेब्रुवारीत तानाजी मालुसऱ्यांनी सिंहगड घेतला ते हेच साल. आणि ३ ऑक्टोबरला शिवाजी महाराज दुसऱ्यांदा सुरतेवर गेले. त्या वेळी कंपनीची सुरतेची वखार स्ट्रेनशॅम मास्टर या अधिकाऱ्याने मूठभर माणसांनिशी राखली. मुंबई कंपनीच्या हाती येऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. १६६८ च्या सनदेने राजाने ती वर्षाला १० पौंड सोन्याच्या खंडावर देऊन टाकली होती. इंग्रजांचे वर्ष त्या काळी २५ मार्चला सुरू होई, म्हणजे चहादाणीवरचे १६७० आपल्या हिशेबाने मार्च १६७१ पर्यंत चालते. गलबताने सुरतेहून लंडन गाठायला सहा महिने किंवा त्याहून जास्त लागत. तेव्हा कमिटीने तो पहिला चहा प्यायला असेल तो सुरतेची बातमी कानी येण्याआधीच, असे मला वाटते. इकडे कागदोपत्री 'थोर मंडळ', तिकडे दारे लावून बसलेली वखार. १६७० ची कंपनी ही अशी होती. पुढे शंभर वर्षांनी दिवाणी घेऊन बसलेली कंपनी नव्हे. आज तिचे नाव निघाले की आपण थेट १८१८ आणि १८५७ कडे उडी मारतो. ही चहादाणी आपल्याला त्या उडीच्या अलीकडे थांबवते, म्हणून मला ती महत्त्वाची वाटते.

आणि तिचा धातूही पाहा. इंग्लंडात चांदी फारशी निघत नसे. ती यायची स्पेनच्या अमेरिकेतून, पोटोसी आणि मेक्सिकोच्या खाणींतून, रेआल नावाच्या नाण्यांच्या रूपात. हिंदुस्थानात खपावे असे इंग्रजांकडे लोकरीच्या कापडाशिवाय विशेष काही नव्हते आणि सुरतेच्या उकाड्यात लोकर कोण घेणार? म्हणून कंपनीच्या गलबतांवर जाणाऱ्या मालात बहुतांश किंमत चांदीची असे. सुरतेच्या मोगली टांकसाळीत ती वितळून तिचे रुपये होत आणि रुपयांनी सुती कापड, नीळ, मिरी घेतली जाई. देशाची चांदी बाहेर घालवणारे म्हणून कंपनीला घरी शिव्या बसत. त्यांना उत्तर म्हणून थॉमस मनने १६२१ साली पुस्तकच लिहिले. म्हणजे एकाच खाणीच्या चांदीला लंडनमध्ये दोन वाटा फुटत होत्या: एक गलबतात चढून सुरतेचा रुपया व्हायची, दुसरी सराफाच्या ऐरणीवर कंपनीच्याच टेबलासाठी चहादाणी.

त्यानंतरची हकिगत थोडक्यात. राणी ॲनच्या काळात, १७०२ ते १७१४, चहादाण्या चिमुकल्या झाल्या, कारण चहा महाग. त्यांत आजचे दोन-तीन कप मावतील. नंतर गोल गोळीसारख्या आल्या. १७८४ साली चहावरचा कर ११९ टक्क्यांवरून साडेबारावर आला आणि भांडी मोठी झाली. चांदीचा पत्रा यंत्राने लाटता येऊ लागल्याने सपाट बाजूंच्या अंडाकृती चहादाण्या भराभर निघाल्या. मूठ मात्र सगळ्यांना छळत राहिली. उष्णता वाहून नेण्यात चांदी सर्व धातूंत पुढे. मूठही चांदीचीच केली तर हात भाजतो. म्हणून चामडे, मग लाकूड, मग हस्तिदंत. आणि पुढे मूठ चांदीची ठेवून मधे हस्तिदंताच्या चकत्या घालण्याची युक्ती निघाली.

आपल्यापैकी पुष्कळांना रविवारी कार बूट सेलमध्ये हिंडण्याची सवय आहे, म्हणून दोन उपयोगाच्या गोष्टी. चकचकीत जुनी चहादाणी दहा पौंडांना मिळाली तर ती उलटी करून पाहा. ई.पी.एन.एस. ही अक्षरे दिसली तर ती चांदी नव्हे, मिश्र धातूवर विजेने चढवलेला मुलामा. एल्किंग्टनने याचे पेटंट १८४० साली घेतले. कडेला तांबूस झाक दिसली तर शेफील्ड प्लेट, म्हणजे तांब्यावर चांदीचा पत्रा, असण्याचा संभव. तीही जुनी असेल तर टाकाऊ नव्हे. चालता सिंह आणि सालाचे अक्षर सापडले तर घरी नेऊन पुस्तकात पाहावे. राजाचे किंवा राणीचे छोटे मस्तक असेल तर भांडे १७८४ ते १८९० मधले, कारण तो कर भरल्याचा ठसा आहे. १९९९ पासून सालाचे अक्षर ऐच्छिक झाले, तेव्हा नव्या भांड्यावर ते नसले तरी घाबरू नये.

आणि आपल्या स्वतःच्या चांदीबद्दल. घरून आणलेल्या वाट्या-पेल्यांवर हॉलमार्क नसतो. भारतात चांदीला बी.आय.एस.चा हॉलमार्क २००५ पासून सुरू झाला आणि जुन्या पिढीने सराफाच्या शब्दावरच घेतले. इथल्या १९७३ च्या कायद्याने ७.७८ ग्रॅमहून जड वस्तू हॉलमार्कशिवाय 'चांदी' म्हणून धंद्यात विकता येत नाही, म्हणून इथला दुकानदार ती बाजूला सारतो किंवा मोडीच्या भावाने मागतो. भारतात नेली तर सराफ घट धरतो. कपाटात पडून आहे, मुले वापरणार नाहीत, मोडून टाकू, असे बोलणे आपल्या बैठकांत हल्ली फार ऐकू येते. मोडायला माझी ना नाही. घर चालवणाऱ्याला आपले हिशेब असतात. पण मोडण्याआधी भिंग घेऊन त्यावरचे नाव वाचावे, फोटो काढावा, देणारी आत्या कोणती आणि कोणत्या गावची हे मागे लिहून ठेवावे. ती वाटी बारशाची की संध्येची, हे आज घरात एखाद्यालाच ठाऊक असते.

घासण्याबाबतही तेच. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाच्या अंशाने, गंजाने नव्हे. दर दिवाळीला पावडरीने खसखसून घासले की काळेपणाबरोबर चांदीचा पातळ थरही जातो, आणि सर्वांत आधी पुसट होतात ती टिंबांची अक्षरे. कोमट पाणी, साधा साबण, मऊ फडके आणि लगेच कोरडे करणे एवढे पुरते. रबराच्या पट्टीने बांधून ठेवू नये. रबरात गंधक असते.

म्युझियमला प्रवेशमूल्य नाही. वस्तूंच्या जागा अधूनमधून बदलतात, तेव्हा दारातच क्रमांक सांगून ती आज कुठे आहे ते विचारून घ्यावे, आणि जमल्यास शेजारच्या क्रमांकाचे कॉफीचे भांडेही पाहावे. मुलांना आधी दोन्हींचे लेख वाचू देऊ नयेत. चहाचे कोणते आणि कॉफीचे कोणते ते त्यांना ओळखायला लावावे. मग काचेच्या जवळ नेऊन तो दोन टींचा 'पॉट' दाखवावा.